पहिलं सिझर आणि तिसरं बाळंतपण

सोलापुरात कुणाकडे बाळ झाल्याचं कळलं की पहिला प्रश्न येतो, मुलगा की मुलगी? लगेच दुसरा, नॉर्मल की सिझर? उत्तर ‘सिझर’ असेल तर समोरच्याचं मत तयारच असतं. एक तर ‘डॉक्टरनं कापलंच का शेवटी’, नाही तर ‘बरं झालं, कळांतून सुटली पोरगी’. पूर्व भागातल्या चाळीत बसा, नाही तर होटगी रोडच्या अपार्टमेंटमध्ये, ही दोनच मतं ऐकू येतात. दोन्ही मतांत सिझर म्हणजे त्या एका दिवसाचा प्रसंग असतो. बाई सुखरूप बाहेर आली, बाळ रडलं, पेढे वाटले, विषय संपला.

त्या एका दिवसाचा धोका आज बराच आटोक्यात आला आहे. भूल सुधारली, अँटिबायोटिक आली, रक्तपेढ्या आल्या. धोक्याचा मोठा भाग नंतर येतो, दुसऱ्या आणि तिसऱ्या गर्भारपणात, आणि त्याबद्दल पेढे वाटताना कुणी बोलत नाही. म्हणून या लेखात ऑपरेशनच्या दिवसाबद्दल थोडं आणि त्यानंतरच्या वर्षांबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सिझर हे जीव वाचवणारं ऑपरेशन आहे. बाळ आडवं आहे, वार गर्भपिशवीच्या तोंडावर आली आहे, पाणमोट फुटून नाळ बाळाच्या आधी खाली घसरली आहे, कळा देऊन देऊन बाई थकली तरी बाळ अडकलेलंच आहे, कळांमध्ये बाळाचे ठोके पडून सावरत नाहीत, अशा वेळी सिझर लांबवणं म्हणजे आई किंवा बाळ गमावणं. शंभर वर्षांपूर्वी अशा बायका घरातच जायच्या. त्यामुळे ‘काही झालं तरी नॉर्मलच करा’ असा हट्ट धरणारी सासू आणि ‘कळा नकोतच, सरळ सिझर करा’ म्हणणारा नवरा, दोघंही डॉक्टरांना सारख्याच अडचणीत टाकतात.

ऑपरेशनमध्ये नेमकं काय करतात? पाठीच्या मणक्यात बारीक सुईनं भूल दिली जाते आणि छातीखालचा भाग बधिर होतो. ओटीपोटावर, केस उगवतात त्या रेषेजवळ, आडवी चीर घेतात. कातडी, चरबी, त्याखालचा चिवट पडदा असे थर उघडत जातात. पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. शेवटी गर्भपिशवीच्या खालच्या पातळ भागावर आडवी चीर, बाळ बाहेर, मग वार बाहेर, आणि पुन्हा थराथरानं शिवण. पाऊण ते एक तासाचं काम. बाहेरून दिसते ती कातडीवरची रेघ. पुढच्या बाळंतपणावर परिणाम करणारी चीर आत पिशवीवर असते. या दोन चिरा एकाच दिशेच्या असतीलच असं नाही. कातडीवर आडवी रेघ आणि आत पिशवीवर उभी चीर असंही कधीकधी करावं लागतं, विशेषतः बाळ फार कमी दिवसांचं असेल तेव्हा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ऑपरेशनच्या आसपासच्या धोक्यांत पहिला रक्ताचा. नॉर्मल बाळंतपणात ५०० मिलिलिटरपर्यंत आणि सिझरमध्ये १,००० मिलिलिटरपर्यंत रक्त जाणं डॉक्टरांनी वर्षानुवर्षं हिशेबात धरलेलं आहे. म्हणजे सगळं सुरळीत झालं तरी जास्त रक्त जाणार. आता याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, देशातल्या ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्त कमी आढळलं. हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईचं लिटरभर रक्त गेलं तर ती सावरते. ८ वर असलेल्या बाईला तेवढंच रक्त जाणं फार महागात पडतं. विड्या वळत दिवसभर बसणारी, सकाळी चहा-बटर आणि दुपारी भाकरीवर शेंगाचटणी एवढ्यावर भागवणारी बाई नवव्या महिन्यात सिझरला येते, तेव्हा ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरच्या पोटात गोळा येतो तो या हिमोग्लोबिनच्या आकड्यामुळे. लोहाच्या गोळ्यांनी संडास काळी होते, मळमळतं, म्हणून त्या पाटाखाली ढकलल्या जातात. गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून लोह देता येतं, सरकारी दवाखान्यातही. पण ते सहाव्या-सातव्या महिन्यात विचारायला हवं. टेबलावर घेतल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. चिरेत पू होणं, पिशवीला सूज येणं, लघवीच्या नळीमुळे लघवीत जंतू होणं, हे नॉर्मलपेक्षा सिझरमध्ये कितीतरी जास्त. चीर घेण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिकचा एक डोस दिला तर हे बरंच टळतं. वजन जास्त असेल, साखर असेल, कळा सुरू होऊन किंवा पाणमोट फुटून खूप वेळ झाल्यावर सिझर झालं असेल तर धोका वाढतो. त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, त्यात लाइट गेलेली, आणि बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडक्या बंद. सुटलेल्या पोटाची घडी नेमकी टाक्यांवर येते, तिथे घाम साचतो. ती जागा कोरडी राहिली पाहिजे. डॉक्टरांनी पट्टी काढल्यावर साध्या पाण्यानं अंघोळ करून, टिपून, सुती कपडा घालायचा. हळद, पावडर, राख, खोबरेल असलं काही टाक्यांवर लावायचं नाही.

तिसरा धोका फारसा माहीत नसतो, पायातल्या रक्ताच्या गुठळीचा. गर्भारपणात रक्त मुळातच लवकर गोठतं. बाळंतपणात रक्तस्राव आटोक्यात राहावा म्हणून निसर्गानं केलेली ती सोय. सिझरनंतर बाई पडून राहिली की पोटरीच्या शिरेत गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर मिनिटांत जीव जाऊ शकतो. नॉर्मलच्या तुलनेत सिझरनंतर हा धोका सुमारे चौपट. एकूण बायकांत तो दुर्मीळच, पण टाळण्याचा उपाय इतका सोपा आहे की न करणं हा गुन्हा वाटावा. भूल उतरली की पाय हलवायचे, आणि नर्स सांगेल तेव्हा, बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी, उठून चालायचं. ‘टाके ओले आहेत, हलू नको’ हे मायेनं सांगितलं जातं. ते ऐकू नका.

भुलेबद्दल एक गैरसमज इतका घट्ट बसला आहे की वेगळं लिहावं लागतं. ‘मणक्यात सुई दिल्यापासून कंबर गेली’ हे वाक्य दर दुसऱ्या बाईकडून ऐकू येतं. सुई टोचल्या जागी काही दिवस दुखतं, ते खरं. थोड्या जणींना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उठून बसलं की जोरात डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. तो भुलेचाच परिणाम, आणि त्याला उपचार आहे. वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचा संबंध मात्र सुईशी सापडलेला नाही. नॉर्मल झालेल्या बायकांचीही कंबर तेवढीच दुखते. ढिले पडलेले पोटाचे स्नायू, वाकून बाळाला पाजणं, कळशा उचलणं आणि सूप मांडीवर घेऊन तासन्‌तास विड्या वळणं यांची चौकशी आधी करायला हवी.

हे सगळं मिळून किती? कॅनडात १९९१ ते २००५ या काळातल्या बाळंतपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. ज्यांचं सिझर आधीच ठरलेलं होतं अशा तब्येतीनं धडधाकट बायका एकीकडे आणि नॉर्मल बाळंतपण ठरवलेल्या दुसरीकडे. गंभीर गुंतागुंत सिझरच्या गटात हजारात २७, नॉर्मलच्या गटात हजारात ९. तिप्पट म्हटलं की धडकी भरते. पण याच आकड्याचा दुसरा अर्थ असा, की सिझर झालेल्या हजारातल्या ९७३ बायकांना काहीही गंभीर झालं नाही. हे कॅनडाचे आकडे आहेत. आपल्याकडे रक्त कमी, दवाखाना लांब, त्यामुळे ते जसेच्या तसे इथे लावू नयेत. आणि तराजूची दुसरी बाजूही आहे. सिझरनं खालची जागा फाटण्याचा त्रास टळतो, पुढे खोकलताना-शिंकताना लघवी सुटण्याचं प्रमाणही थोडं कमी राहतं.

बाळाचं काय? पोटात असताना बाळाच्या फुप्फुसात पाणी भरलेलं असतं. कळा सुरू झाल्या की आईच्या आणि बाळाच्या शरीरात जी रसायनं पाझरतात, त्यांनी ते पाणी शोषलं जाऊ लागतं. कळा न येता ठरवून काढलेल्या बाळाला ही तयारी करायला वेळच मिळत नाही, म्हणून ते धापा टाकतं आणि काचेच्या पेटीत जातं. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात नॉर्मल ठरवलेल्या बाळांच्या तुलनेत, ३७ व्या आठवड्यात ठरवून सिझर केलेल्या बाळांत श्वासाचा त्रास जवळपास चौपट, ३८ व्या आठवड्यात तिप्पट आणि ३९ व्या आठवड्यात दुपटीच्या आसपास आढळला. म्हणून तातडीचं कारण नसेल तर ठरवलेलं सिझर ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी करू नये असा संकेत आहे. आता मुहूर्ताबद्दल बोलू. गुरुपुष्य आहे, संकष्टी नको, अमावस्येच्या आत काढा, अशी कुंडली घेऊन लोक येतात आणि काही डॉक्टर मान डोलावतात. माझं मत विचाराल तर, ३९ आठवडे झाल्यावर मंगळवार की गुरुवार हे तुम्ही खुशाल पंचांगात बघा. मुहूर्तासाठी बाळ दोन आठवडे आधी काढलं तर त्याच्या पत्रिकेतला पहिला ग्रह नवजात अतिदक्षता विभाग असतो.

सिझरच्या मुलांना पुढे दमा, लठ्ठपणा जास्त होतो, असंही वाचायला मिळतं. पाहण्यांमध्ये थोडा संबंध दिसतो. पण तो सिझरमुळेच की ज्या कारणानं सिझर करावं लागलं त्यामुळे, हे वेगळं काढता आलेलं नाही. एवढ्यासाठी गरजेचं सिझर नाकारणं शहाणपणाचं नाही. चिकाचं दूध मात्र सिझरनंतरही पहिल्या तासात देता येतं. आई आडवी असली तरी बाळ छातीला लावता येतं. ‘सिझर झालं म्हणून तीन दिवस दूध येत नाही’ असं म्हणत दूध पावडरचा डबा आणायला कुणी धावत असेल तर आधी नर्सला बोलवा.

आता मुख्य गोष्ट. पिशवीवरचा व्रण.

चादरीला भोक पडलं आणि उत्तम रफूवाल्यानं रफू केलं तर लांबून कळतही नाही. पण तिथली मूळ वीण गेलेली असते आणि ताण आला की आधी तीच जागा बोलते. पिशवीवरच्या चिरेचं तसंच. ती भरून येते, पण तिथे स्नायूऐवजी व्रणाचा तंतू तयार होतो आणि आतलं अस्तर पूर्ववत होत नाही. पुढच्या गर्भारपणात यातून दोन वेगवेगळे धोके निघतात. त्यांची लोक गल्लत करतात.

एक धोका वारेचा. बाळाची वार पिशवीच्या अस्तरात रुजते आणि बाळंतपणानंतर अलगद सुटून येते, कारण अस्तर तिला एका मर्यादेपलीकडे आत जाऊ देत नाही. व्रणावर ते अस्तर धड नसतं. वार तिथे रुजली तर थेट स्नायूत, कधी स्नायू ओलांडून मूत्राशयापर्यंत मुळं रोवते. मग बाळ झाल्यावर ती सुटत नाही. ओढली तर रक्ताचा पाट वाहतो. सरासरी तीन ते पाच लिटर रक्त गेल्याच्या नोंदी आहेत, आणि गरोदर बाईच्या अंगात एकूण रक्त साधारण सहा लिटर असतं. बहुतेकदा पिशवीच काढावी लागते.

हे किती वेळा होतं? अमेरिकेतल्या १९ रुग्णालयांत ३०,००० हून अधिक सिझरच्या नोंदी पाहिल्या गेल्या. अशी चिकटलेली वार पहिल्या सिझरच्या वेळी हजारात दोन-तीन जणींना, दुसऱ्या वेळी हजारात तीन, तिसऱ्या वेळी हजारात सहा, आणि चौथ्या वेळी एकदम हजारात २१. पण हे सगळ्या बायकांचे आकडे झाले. वार खाली, पिशवीच्या तोंडावर आहे अशा बायकांपुरतं बघितलं तर चित्र अंगावर येतं. पहिल्या सिझरला शंभरात ३, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला ४०, चौथ्याला ६१. आणि आधीचं सिझर असलं की वार खाली येण्याची शक्यताही वाढते.

माझ्या मते हे आकडे प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावायला हवेत. कारण आपल्याकडे दोन मुलींवर तिसरं गर्भारपण अजूनही लादलं जातं. पहिलं सिझर, दुसरं सिझर, आणि ‘आता एकदा मुलासाठी’. त्या तिसऱ्या वेळी बाईच्या पोटात कुठला जुगार चालला आहे हे तो हट्ट धरणाऱ्या एकाही माणसाला ठाऊक नसतं.

दुसरा धोका पिशवी फाटण्याचा. आधी एक सिझर झालं आहे, चीर खाली आडवी आहे आणि आता नॉर्मलचा प्रयत्न करायचा आहे, अशा दोनशे बायकांत साधारण एकीचा व्रण कळांमध्ये उघडतो. हा धोका लहान आहे, पण घडला तर वीस-तीस मिनिटांत ऑपरेशन टेबलावर पोहोचावं लागतं. आतली चीर उभी असेल तर धोका शंभरात चार ते नऊ इतका चढतो, आणि मग कळा येऊच द्यायच्या नसतात. कातडीवरची रेघ बघून हे कळत नाही, असं वर म्हटलं ते याचसाठी.

‘एकदा सिझर की कायम सिझर’ हे मात्र आता खरं राहिलेलं नाही. ब्रिटनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार, एका सिझरनंतर योग्य निवड केलेल्या चारातल्या जवळपास तिघींचं पुढचं बाळंतपण नॉर्मल होतं. आधी कधी तरी एकदा नॉर्मल झालेलं असेल तर शंभरात ८५ ते ९० जणींचं. बाळ दगावण्याचा धोका त्यात पहिलटकरणीच्या बाळंतपणाइतकाच. आणि असं एक नॉर्मल साधलं तर तिसऱ्या वेळचा वारेचा तो भयंकर हिशेब वाढत नाही. पण अटी आहेत. मागची चीर आडवी असल्याची लेखी नोंद हवी, मागचं कारण पुन्हा उद्भवलेलं नसावं, दोन बाळंतपणांत किमान दीड-दोन वर्षं गेलेली असावीत, आणि दवाखान्यात रात्री दोन वाजताही भूलतज्ज्ञ, सर्जन आणि रक्त हजर हवं. घरी, गावातल्या उपकेंद्रात किंवा एकट्या डॉक्टरच्या दहा खाटांच्या दवाखान्यात हा प्रयोग करायचा नाही. कळा याव्यात म्हणून मेडिकलमधून गोळी आणून देणं तर अजिबात नाही. व्रण असलेल्या पिशवीला काही गोळ्यांनी इतक्या जोराच्या कळा येतात की ती फाटू शकते.

करमाळ्याकडच्या खेड्यातून सोलापूर शंभर किलोमीटरच्या वर आहे. अशा ठिकाणच्या, आधी सिझर झालेल्या बाईनं नववा महिना लागण्याआधीच बाळंतपण कुठे करायचं हे पक्कं करावं. शहरातलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, आणि गुंतागुंतीच्या केसेस जिल्ह्यातूनच नाही तर धाराशिव आणि कर्नाटकच्या सीमेवरूनही तिथे येतात. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून सिझर, औषधं, रक्त, तपासण्या मोफत आहेत. सिझरनंतर सात दिवसांचा आहारही मिळतो. नेण्या-आणण्यासाठी १०२, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर १०८. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. आधी सिझर झालं असल्याचं तिथे स्वतःहून सांगा.

आधीच्या सिझरनंतर पुन्हा दिवस गेले की दोन सोनोग्राफी टाळायच्या नाहीत. एक अगदी सुरुवातीला, सहा-आठ आठवड्यांत, कारण कधी गर्भच व्रणाच्या खाचेत रुजतो आणि तो लवकर ओळखावा लागतो. दुसरी पाचव्या महिन्याच्या आसपास, वार नेमकी कुठे आहे हे बघायला. ‘वार समोरच्या भिंतीला, व्रणावर आहे का?’ हा प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा. याशिवाय प्रत्येक सिझरनंतर आतड्याचे, मूत्राशयाचे पडदे पिशवीला चिकटत जातात, त्यामुळे पुढचं ऑपरेशन जास्त वेळ घेतं आणि मूत्राशयाला इजा होऊ शकते. व्रणाच्या खाचेत पाळीचं रक्त साठून पाळीनंतर चार-पाच दिवस डाग जाणं, हेही काही जणींना होतं.

मग पहिलीच सिझर इतकी का होतात? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच पाचव्या फेरीत देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझरनं झाली, महाराष्ट्रात २५.४ टक्के. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के आणि खासगीत ४७.४ टक्के. बायकांची हाडं दवाखान्याच्या पाटीप्रमाणे बदलत नाहीत, तेव्हा एवढा फरक वैद्यकीय कारणांनी समजावता येत नाही. गुंतागुंतीच्या काही केसेस खासगीत जातात, तशा कितीतरी सिव्हिललाही येतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं, की एखाद्या समाजात सिझरचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यावर आई-बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. तो आकडा समाजासाठी आहे, एका बाईला तो लावता येत नाही, हेही तिथेच सांगितलं आहे.

पैसा हे एक कारण आहेच. पण नॉर्मलसाठी बारा-चौदा तास थांबावं लागतं, एकटा डॉक्टर तेवढा वेळ देऊ शकत नाही, आणि काही विपरीत झालं तर दवाखान्याच्या काचा फुटतात. सिझर केलं म्हणून काच फोडलेली कुणी ऐकली नाही. आणि घरचेही कळा बघवत नाहीत म्हणून मागे लागतात. ‘नाळ गळ्याभोवती आहे’ हे कारण सोनोग्राफीच्या कागदावर वाचून तर अर्धं घर घाबरतं. वास्तविक चार-पाचातल्या एका बाळाच्या गळ्याला जन्मताना नाळेचा वेढा असतो आणि बहुतेक वेळा तो हातानं सोडवला जातो. केवळ तेवढ्यासाठी सिझर लागत नाही. कळा सावकाश वाढत असतील तरी आई-बाळ ठीक असेपर्यंत थांबता येतं. पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडलं नाही एवढ्या एका कारणावरून सिझरकडे वळू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये सांगितलं. कळांच्या वेळी आई, बहीण, जाऊ अशी कुणी विश्वासाची बाई सोबत असेल तर सिझरचं प्रमाण कमी होतं, हेही सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे तातडी नसेल तर डॉक्टरांना दोन प्रश्न विचारायला लाजू नका. ‘मॅडम, आत्ता सिझर करण्याचं नेमकं कारण काय? आणि दोन तास थांबलं तर कुणाला धोका आहे, आईला की बाळाला?’ चांगला डॉक्टर यावर चिडत नाही. आणि ‘बाळाचे ठोके पडताहेत’ असं उत्तर आलं तर तिसरा प्रश्न विचारू नका, सही करा.

घरी आल्यावरच्या पथ्यांचं थोडक्यात सांगतो. ‘भात खाल्ला की पू धरतो’ आणि ‘पाणी प्यायलं की टाके पिकतात’ हे दोन्ही खोटं. पाणी तोडलं तर बद्धकोष्ठ होतो, लघवीत जळजळ होते, दूध कमी होतं. डाळ, अंडी, मटण, पालेभाजी, बाजरीची खीर, हळिवाचे लाडू सगळं चालतं, जखम भरायला प्रथिनं लागतातच. खाटेखाली शेगडीचा शेक मात्र नको. सोलापूरच्या उन्हात त्याची गरज नाही, आणि धूर बाळाच्या छातीत जातो. पोट घट्ट बांधून आकार परत येतो हाही समजच. खोकताना टाक्यांवर उशी धरली तर बरं वाटतं, एवढंच. बाळाहून जड काही पहिले सहा आठवडे उचलू नये.

आणि ही लक्षणं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही. थंडी वाजून १००.४ च्या वर ताप, टाक्यांतून पू किंवा चीर उघडणं, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, अंगावरून घाण वासाचं जाणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी. बाळंतीण दोन आठवड्यांनंतरही सतत रडत असेल, बाळाकडे बघावंसंच वाटत नसेल, तर तेही दाखवण्याचंच दुखणं आहे. ‘बाहेरचं लागलं’ म्हणून उतारा टाकत बसू नका.

दोन बाळांत अंतर ठेवण्याचा विचार दवाखान्यातून निघण्याआधीच करावा. मूल झाल्यावर पुन्हा दिवस जाऊ द्यायला किमान २४ महिने थांबावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सिझरनंतर तर हे अंतर व्रणासाठीच लागतं. सिझरच्या वेळीच तांबी बसवता येते, तिच्यासाठी वेगळं दुखणं नाही, मात्र आधी विचारून संमती घेतलेली असावी. नंतर दिवस जाऊ नयेत म्हणून अंतरा इंजेक्शन आहे, छाया गोळ्या आहेत, सरकारी दवाखान्यात दोन्ही मोफत.

डिस्चार्जच्या दिवशी घरचे बिल आणि बाळाच्या टोपीच्या गडबडीत असतात, आणि हातात एक कागद पडतो ज्यावर फक्त सिझर झाल्याचा उल्लेख आणि औषधांची यादी असते. तेवढ्यावर समाधान मानू नका. सिझर कशासाठी केलं, पिशवीवरची चीर आडवी की उभी, रक्त किती गेलं, चढवलं का, वार कुठे होती, आत काही चिकटलेलं सापडलं का, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. पुढचं बाळंतपण माहेरी बार्शीला होईल की नवऱ्याच्या नोकरीच्या गावी पुण्याला, हे आज सांगता येत नाही, आणि तिथला डॉक्टर पोटावरची रेघ बघून आतलं ओळखू शकणार नाही. कागद लॅमिनेट करा, नवऱ्याच्या आणि बाईच्या स्वतःच्या, अशा दोन्ही मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. फोटो मोठा करून चिरेबद्दलची ओळ नीट वाचता येते का, तेवढं दवाखान्यातच बघून घ्या, कारण डॉक्टरांचं अक्षर तिथली नर्सच वाचून देऊ शकते.